हातोहाती गुलाब

(प्रस्तावना)

होमरच्या 'इलियड'च्या तेविसाव्या सर्गात गुलाब येतो तो एका प्रेताला लावलेल्या तेलातून. हेक्टर मारला गेला आहे. अकिलीसचा संताप अजून शमलेला नाही. देह रथामागे बांधून तो फरफटवतो आहे, कुत्र्यांपुढे टाकण्याची भाषा करतो आहे. आणि प्रेमाची देवता अफ्रोडाइटी रात्रंदिवस त्या देहापाशी थांबून कुत्र्यांना दूर ठेवते, फरफटताना कातडी सोलवटू नये म्हणून गुलाबाच्या वासाचं दिव्य तेल त्याच्या अंगाला चोळते. प्रेमाची देवता आणि गुलाब एकत्र आल्याच्या अगदी जुन्या प्रसंगांपैकी हा एक. इथे प्रियकर नाही, बाग नाही, फूलसुद्धा नाही. एक विटंबलेला देह आहे आणि त्याची लाज राखणारा सुगंध आहे.

होमरच्याही आधी हे तेल होतं. ग्रीसच्या नैर्ऋत्येला पायलॉस इथला राजवाडा इ.स.पू. १२००च्या सुमारास जळाला. त्या आगीत हिशेबाच्या कच्च्या मातीच्या पाट्या भाजून निघाल्या आणि म्हणूनच टिकल्या. मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ साली त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा काही पाट्यांवर गुलाबाच्या वासाच्या तेलाच्या नोंदी निघाल्या. त्यातलं काही तेल देवतांना अर्पण म्हणून पाठवलेलं होतं. म्हणजे कवींच्या हाती लागण्याआधी गुलाब कारकुनांच्या हिशेबात होता, आणि तिथेही तो देवाच्या वाटेवर होता.

गुलाब म्हणजे प्रेम, हे समीकरण आज इतकं रुळलं आहे की त्यापलीकडे काही विचारावंसं कुणाला वाटत नाही. पुढच्या प्रकरणांचं म्हणणं वेगळं आहे. गुलाब ज्या ज्या हातात गेला, त्या प्रत्येक हाताचा वास त्याने पुढच्या हातात नेला. व्हीनसचं फूल मेरीला वाहिलं गेलं, पण त्यातून व्हीनस पुरती पुसली गेली नाही. इराणी सूफींनी तो परमेश्वराच्या सौंदर्याची खूण मानला, तरी मैफलीतला गुलाब त्याच्या आत राहिलाच. उंबेर्तो एको यांनी १९८०च्या आपल्या कादंबरीच्या नावात गुलाब घेतला. त्यामागचं त्यांनीच सांगितलेलं कारण असं, की या फुलावर इतके अर्थ लादले गेले आहेत की आता त्याला जवळजवळ कोणताच अर्थ उरलेला नाही. कादंबरीकाराला ते सोयीचं होतं, पण मला ते पटत नाही. अर्थ साचले म्हणून मरत नाहीत. ते थरांनी बसतात, आणि थर उकलून पाहता येतात.

पण आधी झाडाविषयी बोलायला हवं, कारण प्रतीकाचा अभ्यास करणारे बरेचदा झाडच विसरतात. फुलवाल्याकडे बाराही महिने मिळणारा, लांब दांड्याचा, घट्ट कळीचा, बहुधा वास नसलेला गुलाब डोळ्यांसमोर ठेवून जुनी चित्रं पाहिली तर ती कळत नाहीत. रानगुलाबाला बहुतेक पाचच पाकळ्या असतात. युरोपातले जुने बागेतले गुलाब, एखाददुसरा अपवाद सोडला, तर वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडाशी काही आठवडे फुलत. पुन्हा पुन्हा बहरणारे चिनी गुलाब अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पोचले, त्यांच्या संकरातून नवी घराणी निघाली, आणि १८६७ सालच्या 'ला फ्रान्स'पासून आधुनिक गुलाबाचा काळ मोजण्याचा प्रघात पडला. चिनी गुलाब पोचण्याआधीच्या तिकडच्या बहुतेक कवींना आणि चित्रकारांना ठाऊक होता तो वर्षभर वाट पाहायला लावून दोन-तीन आठवड्यांत ओसरणारा बहर. गुलाबावरच्या कवितांमध्ये घाई का असते आणि बहराशेजारी मृत्यू का उभा असतो, याचं उत्तर आधी बागेत मिळतं, मग तत्त्वज्ञानात.

अत्तराचा गुलाब म्हणजे दमास्क गुलाब. त्याच्या जनुकांचा अभ्यास जपानी संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केला. त्यातून दिसलं की तो एका जोडीचा संकर नाही, तीन जातींचा आहे, आणि त्यातली एक मध्य आशियातली आहे. फ्रान्सपासून फर्गान्यापर्यंतच्या मुलखांचं रक्त एका फुलात आहे, हे कळल्यावर त्याच्या कथा इतक्या दूरदूरच्या लोकांना आपल्या का वाटल्या याचं नवल कमी होतं. एक किलो तेलाला तीन ते पाच टन पाकळ्या लागतात, आणि त्या ऊन चढायच्या आत खुडाव्या लागतात. इतक्या नासाडीतून इतकं थोडं हाती येणं, हेसुद्धा या प्रतीकाच्या घडणीत मुरलेलं आहे.

ग्रीक पुराणकथांमध्ये गुलाबाचा जन्म रक्तातून होतो. अफ्रोडाइटीचा लाडका अदोनिस रानडुकराच्या हल्ल्यात मरतो. स्मिर्नाचा कवी बिऑन याच्या विलापगीतात त्याच्या रक्तातून गुलाब उगवतो आणि देवीच्या आसवांतून अ‍ॅनिमोन. ओव्हिडने मात्र रक्तातून अ‍ॅनिमोन उगवल्याचं सांगितलं, त्यामुळे ही कथा एका साच्यात कधीच बसली नाही. उत्तरकालीन ग्रीक लेखकांनी आणखी एक धागा जोडला. मरणाऱ्या प्रियकराकडे धावताना देवीच्या पायात काटा रुतला आणि पांढरा गुलाब तिच्या रक्ताने लाल झाला. मला ही कथा अधिक मोलाची वाटते. इथे काटा सौंदर्याचं रक्षण करत नाही, तो सौंदर्याच्या देवतेलाच टोचतो.

रोमन लोकांनी गुलाब दोन ठिकाणी भरभरून वापरला, मेजवानीत आणि थडग्यावर. उन्हाळ्याच्या सुरुवातीला 'रोझालिया' नावाचे दिवस येत, तेव्हा मृतांच्या थडग्यांवर गुलाब वाहिले जात. आपल्यामागे दरवर्षी आपल्या थडग्यावर गुलाब यावेत म्हणून पैसे बाजूला ठेवणाऱ्यांचे शिलालेख सापडले आहेत. मेजवानीतल्या गुलाबाची सगळ्यांत प्रसिद्ध प्रतिमा मात्र फार उशिराची आहे. सम्राट हेलिओगाबालुस छतातून फुलांचा लोट सोडून पाहुण्यांना गुदमरवतो, हे लॉरेन्स आल्मा-तदेमा यांचं १८८८ सालचं चित्र. प्राचीन चरित्रात त्या फुलांमध्ये नाव आहे ते व्हायोलेटचं, गुलाब चित्रकाराने आणले. अक्षरशः आणले, कारण लंडनच्या हिवाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याहून त्यांच्यासाठी ताजे गुलाब येत असत. रोमन ऐषारामाविषयी या चित्रातून जितकं कळतं, त्याहून अधिक व्हिक्टोरियन लोकांच्या मनाविषयी कळतं.

रोमन काळातून एकच गोष्ट निवडायची तर मी अपुलेयस निवडेन. उत्तर आफ्रिकेतल्या या लेखकाने दुसऱ्या शतकात लिहिलेल्या कादंबरीत ल्युशियस नावाचा तरुण जादूच्या नादात गाढव होतो. गुलाब खाल्ले की तो पुन्हा माणूस होणार, हे त्याला लगेच कळतं. पण कादंबरीभर गुलाब हाती लागत नाहीत. चोर, मालक, मार, ओझी यांतून तो भरडत जातो. शेवटी इसिस देवी दर्शन देऊन सांगते, की माझ्या मिरवणुकीत पुजाऱ्याच्या हातात गुलाबांचा हार असेल, तो खा. तो खातो आणि माणूस होतो. ज्या फुलाचा वास मेजवानीत आणि शय्येवर दरवळत होता तेच इथे मुक्तीचं अन्न झालं आहे, आणि तेही ख्रिस्ती धर्माने गुलाबाला जवळ करण्यापूर्वी. धर्म आणि वासना यांच्यामधली गुलाबाची ये-जा पुढे हजार वर्षं चालली. तिचा पहिला ठळक नमुना हा आहे.

सुरुवातीच्या ख्रिस्ती गुरूंना गुलाब नको होता. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट आणि कार्थेजचा तेर्तुलियन या दोघांनी फुलांच्या मुकुटांविरुद्ध लिहिलं. ज्याच्या मस्तकी काट्यांचा मुकुट घातला गेला, त्याच्या अनुयायांनी फुलं माळून कसं मिरवायचं, हा त्यांचा सवाल होता. त्या सवालात त्या काळची धग आहे, कारण फुलांचा मुकुट म्हणजे मूर्तिपूजकांचा सण हे तेव्हा गल्लीतल्या पोरालाही ठाऊक होतं. पण ज्या काट्याच्या नावाने गुलाब बाहेर ठेवला, त्याच काट्याने तो आत आणला. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोज याने लिहिलं, की नंदनवनात गुलाबाला काटे नव्हते, ते मानवाच्या पतनानंतर आले. पाचव्या शतकात सेडुलियस या कवीने पुढचं पाऊल टाकलं. काट्यांमधून कोवळा गुलाब यावा तशी ईव्हच्या वंशातून मेरी आली, अशी त्याची मांडणी. काटा पापाचा झाला, फूल कृपेचं झालं, आणि दोन्ही एकाच फांदीवर राहिले. यानंतर गुलाबाला देवळाचं दार बंद झालं नाही.

मध्ययुगाच्या ऐन भरात हे सगळं एकाच वेळी फुललेलं दिसतं, आणि तेराव्या शतकातल्या फ्रान्सपाशी मी मुद्दाम जास्त वेळ थांबले आहे. शार्त्रच्या कॅथीड्रलमध्ये उत्तरेची प्रचंड वर्तुळाकार काचखिडकी साधारण १२३०च्या दशकात बसली. तिच्या मध्यभागी बाळाला घेतलेली मेरी आहे. त्याच सुमारास गिओम द लोरिस हा कवी 'रोमान द ला रोझ' लिहीत होता. त्यात स्वप्नातल्या बागेत एक तरुण एका गुलाबकळीच्या प्रेमात पडतो. त्याने सुमारे ४,००० ओळी लिहून काव्य अर्धवट सोडलं. चाळीसेक वर्षांनी जाँ द मन याने त्यात १७,०००हून अधिक ओळींची भर घातली आणि शेवट केला तो कळी खुडण्याच्या उघड शृंगारिक रूपकाने. एकाच भाषेच्या मुलखात, एकाच पिढीच्या डोळ्यांसमोर, गुलाब म्हणजे कुमारी माता आणि गुलाब म्हणजे मिळवायची स्त्री. दोघींची बागही एकच होती, भिंतीने बंदिस्त.

ही विसंगती मोठ्याने बोलून दाखवली ती एका स्त्रीने. क्रिस्तीन द पिझां हिने १४०१-०२ मध्ये पत्रं लिहून जाँ द मनच्या काव्यावर टीका केली. स्त्रियांविषयी इतकं हीन लिहिलेलं पुस्तक थोर म्हणून का मिरवायचं, असा तिचा रोख होता. पॅरिस विद्यापीठाचा कुलपती जाँ जेर्सों तिच्या बाजूने उभा राहिला. इतिहासकार या वादाला साहित्यविषयक पहिल्या मोठ्या वादांपैकी एक मानतात. पण माझ्या दृष्टीने तिची खरी चाल वेगळी आहे. तिने गुलाब टाकून दिला नाही. १४०२च्या फेब्रुवारीत तिने स्वतःची गुलाबकविता लिहिली. तिच्यात स्त्रियांच्या अब्रूचं रक्षण करण्याची शपथ घेणाऱ्या सरदारांना गुलाब दिला जातो. प्रतीक हिसकावून घेऊन त्याची बाजू बदलणं, हे काम इतक्या उघडपणे करणारी दुसरी व्यक्ती त्या शतकात मला दिसत नाही.

दान्तेविषयी इथे थोडकंच लिहिते, कारण त्याचं प्रकरण मोठं आहे. 'पारादिसो'च्या शेवटच्या सर्गांत सगळे मुक्तात्मे एका विराट पांढऱ्या गुलाबाच्या पाकळ्यांवर आसनस्थ आहेत आणि देवदूत मधमाश्यांप्रमाणे देवाकडून फुलाकडे ये-जा करताहेत. प्रेयसीला गुलाब म्हणण्याची रीत दान्तेच्या काळात मुरलेली होती. त्याने प्रेयसी बिआत्रिचेला त्या गुलाबातलं एक आसन दिलं. ती पाकळीवर बसली आहे आणि फूल सगळ्यांचं आहे.

याच काळात गुलाब बोटांतही आला. कथा अशी, की एक तरुण मठवासी मेरीच्या मूर्तीला रोज फुलांचा हार करून घालत असे. मठाच्या नियमांत ते बसेना, तेव्हा त्याला सांगण्यात आलं की हाराऐवजी तेवढ्या प्रार्थना म्हण. एकदा रानात तो प्रार्थना म्हणत असताना मेरी प्रकटली, त्याच्या ओठांतून निघणारा एकेक गुलाब टिपला आणि त्यांचा हार गुंफून मस्तकी धारण केला. जपमाळेच्या भक्तीमागे ही कल्पना आहे. १५० स्तोत्रांच्या जागी १५० 'नमो मरिये', आणि प्रत्येक जप म्हणजे एक फूल. कलोनला १४७५ साली जपमाळेचा भक्तसंघ स्थापन झाला आणि ही भक्ती लाटेसारखी पसरली. कोल्मारमधलं मार्टिन शोंगाउअर याचं १४७३चं गुलाबकुंजातल्या मेरीचं चित्र त्याच काळचं. आणि व्हेनिसमधल्या जर्मन व्यापाऱ्यांसाठी अल्ब्रेख्त ड्यूरर याने १५०६ साली जे चित्र काढलं, त्यात तर मेरी, बाळ येशू आणि संत डॉमिनिक साक्षात पोप आणि सम्राटाच्या डोक्यावर गुलाबांचे हार ठेवताहेत. पुढे १६०६ साली सम्राट रुडॉल्फ दुसरा याने ते विकत घेतलं, आणि ते आल्प्स ओलांडून प्रागला नेण्यात आलं. आज तिथल्या राष्ट्रीय कलादालनात ते आहे. त्याचा रंग कितीतरी ठिकाणी उडालेला आहे, नंतरच्या हातांनी पुन्हा भरलेला आहे, तरी हारांमधला तजेला कळतो.

जपमाळेचा हा गुलाब पोर्तुगीज गलबतांतून आपल्या किनाऱ्यालाही लागला. जुन्या गोव्यातल्या टेकडीवरचं जपमाळेच्या सायबिणीचं चर्च सोळाव्या शतकाच्या मध्यातलं, तिथल्या सर्वांत जुन्या वास्तूंपैकी एक. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांमध्ये तिन्हीसांजेला म्हटला जाणारा 'तेर्स' हा याच हाराचा एक भाग. वसईकडच्या मराठीभाषक ख्रिस्ती घरांतही जपमाळ आहे. तिचे मणी ओढणाऱ्या आजीला त्यात शोंगाउअर दिसत नसेल, पण तिची बोटं त्याच कुंजातून फिरतात.

संतकथांमधले गुलाब भराभर सांगून पुढे जाते. हंगेरीची एलिझाबेथ गरिबांसाठी पदराआड भाकरी नेत असताना तिला अडवलं जातं आणि पदर उघडल्यावर आत गुलाब निघतात. पोर्तुगालच्या राणी इझाबेलविषयीही तीच कथा सांगतात. मेक्सिकोत १५३१च्या डिसेंबरात हुआन दिएगो या आदिवासी माणसाच्या उपरण्यातून कास्टीलचे गुलाब सांडतात आणि कापडावर ग्वादालुपेच्या मेरीची प्रतिमा उमटलेली दिसते. या कथेत फुलं स्पेनची आहेत, अवकाळी आहेत, आणि देवी बोलते ती नाहुआत्ल भाषेत. जेत्यांचा गुलाब जितांच्या उपरण्यात आला आणि कुणाचा झाला, या प्रश्नावर एक पूर्ण प्रकरण मी खर्च केलं आहे.

इस्लामी जगातल्या गुलाबाकडे वळताना एक सावधगिरी हवी. पैगंबरांच्या स्वर्गारोहणाच्या वेळी त्यांच्या घामाच्या थेंबांतून गुलाब उगवला, ही कथा लोकांत फार पसरलेली आहे. हदीसच्या जाणकारांनी ती प्रमाण मानलेली नाही. तरीही तुर्की हस्तलिखितांत पैगंबरांची खूण म्हणून गुलाब रेखाटला गेला, आणि इराणात दमास्क गुलाबाला आजही 'गुल-ए-मुहम्मदी' म्हणतात. शास्त्राने नाकारलेलं भक्तीने सांभाळलं. काबा धुताना आजही झमझमच्या पाण्यात गुलाबपाणी मिसळतात. ११८७ साली सलाहुद्दीनने जेरुसलेम घेतल्यावर तिथली पवित्र स्थळं गुलाबपाण्याने धुतली गेली. इथे गुलाब शुद्ध करतो. त्याच गुलाबाला घाबरून तेर्तुलियनने तो दूर ठेवला होता.

शिराझ या एका शहराने गुलाबाला जे दिलं ते दुसऱ्या कोणत्याच शहराने दिलं नसेल. बाराव्या शतकातला तिथला सूफी रूझबिहान बकली आपल्या दर्शनांची वही ठेवत असे. तिच्यात परमेश्वराचं तेज त्याला लाल गुलाबांच्या रूपात भेटतं. त्याच शहराच्या सादीने १२५८ साली, म्हणजे मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केलं त्याच वर्षी, 'गुलिस्तान' पूर्ण केलं. त्याच्या प्रस्तावनेत बागेत रात्र घालवलेला मित्र घरी नेण्यासाठी फुलं ओटीत भरून घेतो, आणि सादी त्याला सांगतो की बागेतली फुलं पाच-सहा दिवसांची, मी तुला न सुकणारी बाग देतो. मित्र फुलं टाकून देतो. माझ्या वाचनात आलेल्या प्रस्तावनांमध्ये ही सगळ्यांत सुंदर. ती लिहिली गेली तेव्हा बगदादची ग्रंथालयं भस्म झाली होती, हे लक्षात घेतलं की न सुकण्याच्या त्या शब्दाचं वजन कळतं.

फारसी कवितेतली गुलाब आणि बुलबुलाची जोडी सर्वांना माहीत आहे. तो बुलबुल आपल्या अंगणातला नव्हे, रात्री गाणारा युरोप-इराणकडचा वेगळा पक्षी. पॉम्पेईत इ.स. ७९च्या राखेखाली गाडल्या गेलेल्या एका बागेच्या भित्तिचित्रात काठीला बांधलेल्या गुलाबाशेजारी असाच एक गाणारा पक्षी बसलेला आहे. एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडायचा मोह मी आवरला आहे, पण चित्र या पुस्तकात घेतलं आहे. सूफींनी या जोडीला आत्मा आणि परमात्मा केलं, हे सगळे सांगतात. फरीदुद्दीन अत्तारने तिच्यावर टीका केली, हे कमी सांगितलं जातं. त्याच्या पक्ष्यांच्या काव्यात परमसत्याकडे निघायची वेळ येते तेव्हा बुलबुल मागे सरतो. मला गुलाबाचं प्रेम पुरे, म्हणतो. पक्ष्यांचा वाटाड्या हुदहुद त्याला बजावतो की हा गुलाब तुझ्या अवस्थेवर हसतो आहे, आणि त्याचं सौंदर्य चार दिवसांचं आहे. प्रतीकात अडकून पडणाऱ्याला प्रतीकाच्या भक्तांनीच दिलेला हा इशारा आहे. गुलाबावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो ऐकावा. मीही लिहिताना तो भिंतीवर लावला होता.

राजसत्तेने गुलाब हाती घेतला त्याची चित्रं दोन टोकांची आहेत. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या, १४८०च्या सुमाराच्या एका चित्रात कॉन्स्टँटिनोपल जिंकणारा सुलतान मेहमेद मांडी घालून गुलाब हुंगतो आहे. त्याच्या अंगठ्यात तिरंदाजाची अंगठी आहे. इंग्लंडच्या सातव्या हेन्रीने १४८६ साली यॉर्कच्या एलिझाबेथशी लग्न केलं आणि लाल-पांढरा एकत्र केलेला गुलाब राजचिन्ह झाला. ही चलाख राजकीय रचना होती आणि तिच्यात मला फारसा जीव दिसत नाही. पण सत्तेच्या विरोधातही गुलाब उभा राहिला. म्युनिकमध्ये १९४२-४३ मध्ये नाझींविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्या विद्यार्थ्यांनी स्वतःला 'पांढरा गुलाब' म्हणवलं. नाव सहज सुचलं म्हणून घेतलं, असं हान्स शोलने चौकशीत सांगितलं. २२ फेब्रुवारी १९४३ रोजी त्याला, त्याची बहीण सोफीला आणि क्रिस्टोफ प्रोब्स्टला ठार केलं गेलं. नाव सहज सुचलेलं असो वा नसो, त्या दिवसानंतर पांढऱ्या गुलाबाला एक अर्थ कायमचा चिकटला. प्रतीकं कवीच घडवतात असं नाही. माणसं जीव देऊनही ती घडवतात.

राहिला आपला मुलूख, आणि इथे प्रश्नच वेगळा आहे. संस्कृत काव्यात आणि पुराणांत राज्य कमळाचं आहे. लक्ष्मी कमळात बसते, ब्रह्मदेव कमळातून येतो, डोळे, हात, पाय सगळे कमळाचे. विष्णू आणि ब्रह्मदेव यांच्यात श्रेष्ठ फूल कोणतं यावर वाद झाला, आणि लक्ष्मी गुलाबाच्या पाकळ्यांतून जन्मली, अशी एक कथा गुलाबावरच्या पाश्चात्त्य पुस्तकांत फिरत असते. तिचा सूर आपल्या परंपरेशी जुळत नाही. गुलाबाला भारतात पुराण मिळावं म्हणून कुणीतरी ते शिवून दिल्यासारखं वाटतं. मी ती या पुस्तकातून वगळली आहे.

मराठीपुरतं बोलायचं तर एक पुरावा मला फार बोलका वाटतो. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडात जन्मलेले, शेक्सपिअरच्या काळातले. ज्या देशाच्या राजचिन्हात गुलाब, तिथून आलेला हा जेझुइट १६१६ साली रायतूरला छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त मराठीची थोरवी गातो, तेव्हा फुलांमधला पहिला मान मोगरीला देतो. त्याने कान इथे लावला होता, आणि इथल्या भाषेत फुलांची राणी गुलाब नव्हती.

गुलाब इकडे आला तो देवघरातून नव्हे, दरबारातून. बाबराने मुलींची नावं गुलरंग, गुलचेहरा, गुलबदन अशी ठेवली. गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहानची आई अस्मत बेगम हिने लावला, असं जहांगीर आत्मचरित्रात लिहितो. गुलाबपाणी करताना भांड्यातल्या गरम पाण्यावर आलेला तवंग तिने जमवला, तो हे अत्तर. विजापूरच्या नुस्रतीने १६५७च्या सुमारास दख्खनी भाषेत 'गुलशन-ए-इश्क' रचलं. बाग फारसी असली तरी तिच्यात फिरणारे मनोहर आणि मधुमालती इथल्याच लोककथेतले. मग पेशवाईत अत्तरगुलाब आणि पानसुपारी झाल्याशिवाय दरबार उठत नसे. तिथून गुलाबदाणी वाड्यांत आली, लग्नाच्या मांडवात आली, चैत्रातल्या हळदीकुंकवाला आली. आंब्याची डाळ आणि पन्ह्याच्या आधी हातावर अत्तराचं बोट आणि अंगावर गुलाबपाण्याचा शिडकावा. कोणतीही पुराणकथा पाठीशी नसताना एखादं फूल घरात इतकं आत शिरतं, तेव्हा ते आदरातिथ्याच्या वाटेने शिरतं. आलेल्या माणसाचा मान करणं, एवढंच त्याचं इथलं काम होतं, आणि ते काम करता करता ते पूजेतही पोचलं.

खुलताबादच्या दर्ग्यांवर गुलाबाची चादर चढते आणि शिर्डीत साईबाबांना गुलाबाचे हार घातले जातात. अंतर फार नाही, आणि ओंजळ भरून वाहण्याची रीतही दोन्हीकडे सारखीच. शिर्डीच्या आसपासच्या शेतांत गुलाब पिकतो तो या भक्तीवरच. ते पीक घेणाऱ्यांशी, हार ओवणाऱ्यांशी आणि दर्ग्याबाहेर टोपल्या मांडून बसणाऱ्यांशी झालेलं बोलणं शेवटच्या प्रकरणात आहे. कोणत्या फुलाला देवळात मान आणि कोणत्याला दर्ग्यात, कुठल्या देवाला देशी गुलाब लागतो आणि कुठे लांब दांड्याचा चालतो, पाकळ्या सुटल्या तर त्यांचं काय करायचं, याचे त्यांचे स्वतःचे नेम आहेत. ते कुठेही लिहिलेले नव्हते. चित्रं आणि काव्यं यांच्याइतकीच जागा मी त्यांना दिली आहे.